अमरकोटचा राणा

थरच्या पश्चिम कडेस, वाळूच्या टेकड्या जेथे सिंधच्या सपाटीस भिडतात, तेथे अमरकोट हे शहर आहे. १५४२ साली राज्यभ्रष्ट हुमायून तहानेने माणसे गमावीत येथे पोहोचला. येथे रुपयास चार बकऱ्या मिळत, असे गुलबदन बेगम आवर्जून लिहिते; उपाशी काफिल्यास याहून मोठी वार्ता कोणती? १५ ऑक्टोबरला येथेच अकबर जन्मला. इतिहासकार त्या जन्मापाशीच रेंगाळतात. आम्हांस मात्र आश्रयदात्या राजपूत राण्याचे कौतुक अधिक वाटते. सिंधच्या शाह हुसेनाने त्याच्या पित्यास मारले होते, तेव्हा त्या औदार्यात सुडाची आशाही होतीच. तरी जोधपूरच्या मालदेवाने ज्यास वाऱ्यावर सोडले, त्यास घरात घेणे सोपे नव्हते. पुढे मोगल सरदाराशी तंटा होऊन राणा छावणी सोडून निघून गेला.