तीन चाकी बाबागाडी

आमच्या घरी सध्या एकच वाद चालू आहे आणि तो चाकांचा आहे. तीन की चार?

बाळ यायला अजून पाच आठवडे आहेत. पाळणा आला, दुपटी आली, साताऱ्याहून सासूबाई आल्या (सोबत डिंकाचे लाडू आणि अर्धी बॅग भरून बाळंतशेपा). राहिली ती फक्त बाबागाडी. माझं मन पहिल्या दिवसापासून तीन चाकी गाडीवर जडलेलं. पुढे एक मोठं चाक, मागे दोन, तिन्हींत हवा भरलेले टायर. बाळाला घेऊन बागेत धावायला जाणारे इथले बाप ढकलतात ना, तसली. बायकोला हे सांगितल्यावर तिने शांतपणे विचारलं, "तू शेवटचा कधी धावला होतास?"

प्रश्न अवघड होता, म्हणून मी विषय बदलून इतिहासात शिरलो. संशोधन करणाऱ्या माणसाची ही जुनी खोड आहे. निर्णय घेता येत नसला की तो आधी मागचं सगळं वाचून काढतो. पण मंडळी, या वेळी त्या वाचनाचा खरंच उपयोग झाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात आमच्या शेफील्डच्या शेजारीच होते. इथून जवळ डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ नावाचा मोठा वाडा आहे, डेव्हनशायरच्या ड्यूकांचा. १७३३ च्या सुमारास तिसऱ्या ड्यूकने विल्यम केंट या वास्तुकाराकडून आपल्या मुलांसाठी एक छोटी गाडी करून घेतली. शिंपल्याच्या आकाराची बैठक आणि ओढायला बकरी किंवा लहानसं तट्टू. थोडक्यात, मोठ्यांच्या बग्गीची छोटी नक्कल. मुलांनी त्यात बसून वाड्याच्या बागेत मिरवायचं. आई किंवा दाई ती गाडी घेऊन बाजारात जाईल, हा विचारच त्यात नव्हता. तशी गरज तरी कुणाला होती?

पुढे बकरी गेली आणि माणूस आला, पण तोही गाडी ओढायचाच. ओढण्यातली अडचण उघड आहे. बाळ तुमच्या पाठीमागे असतं, ते काय करतंय हे दिसत नाही. १८५३ साली लंडनमध्ये चार्ल्स बर्टनने मागून ढकलायच्या गाडीचं पेटंट घेतलं. तिचं नाव पेराम्ब्युलेटर, म्हणजे फिरणारी. त्याचंच पुढे 'प्रॅम' झालं. गंमत म्हणजे हा शब्द त्याआधीपासून एका वेगळ्याच वस्तूसाठी वापरात होता. रस्त्यांची लांबी मोजायला सर्वेक्षक एक दांडा लावलेलं मोठं चाक ढकलत चालत, त्यालाही पेराम्ब्युलेटरच म्हणत. हिंदुस्थानातले कितीतरी रस्ते इंग्रज सर्वेक्षकांनी असंच चाक फिरवून मोजले.

तर ही बर्टनची गाडी होती तीन चाकी! पुढे एक, मागे दोन. म्हणजे मला जी अत्याधुनिक वाटत होती, ती मांडणी दीडशे वर्षांहून जुनी निघाली. ढकलायला सोपी, वळवायला सोपी. मात्र तिच्यात बसू शकणारं मूल लागे, तान्ह्याला आडवं झोपवायची सोय नव्हती. शिवाय १८३५ च्या हायवे ॲक्टप्रमाणे पदपथावर गाडी चालवणं हा इथे गुन्हाच, त्यामुळे दाया या गाड्या घेऊन पदपथावर आल्या तेव्हा पायी चालणारी सभ्य मंडळी भयंकर वैतागली.

मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत चार चाकांच्या, वेताच्या टोपलीच्या किंवा लाकडी पेटीच्या प्रॅम आल्या आणि तान्हं बाळ आडवं झालं. १८७७ साली इथल्याच यॉर्कशायरमध्ये, लीड्सला, विल्यम विल्सनने सिल्व्हर क्रॉस ही कंपनी काढली. मोठी चाकं, खाली स्प्रिंगा, वर चकाकणारी पेटी. रस्त्यावरून निघाली की राजघराण्याचा रथच! वजन भरपूर, पण ते घरमालकिणीला उचलायचं नव्हतं. घरात दाई होती आणि गाडी ठेवायला प्रशस्त दिवाणखान्याबाहेरची जागा होती.

पलीकडे अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने जून १८८९ मध्ये एक पेटंट मिळवलं. त्याच्या गाडीतली टोपली फिरवता येई. बाळाने रस्त्याकडे बघायचं की ढकलणाऱ्याच्या तोंडाकडे, हे आता ठरवता येऊ लागलं. मला ही सुधारणा फार आवडली. इतक्या वर्षांत ढकलणाऱ्याला आणि बाळाला एकमेकांकडे बघावंसं वाटत असेल, हे कुणाला तरी सुचलं!

आणि त्याच सुमाराचा एक बाप. बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप. त्याच्या मुलाकडे तीन चाकी सायकल होती आणि तिची टणक चाकं रस्त्यावर दणके देत. १८८७ मध्ये डनलॉपने त्या चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. (हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसनने त्याच्या चाळीस वर्षं आधीच मांडली होती, पण ती चालली नाही.) आज जगभर जे टायर फिरतात त्यांची सुरुवात एका पोराच्या तीन चाकी गाडीपासून झाली, हे वाचून मला उगाच माझी बाजू भक्कम झाल्यासारखं वाटलं.

पुढचा मोठा बदल विमानाच्या कारखान्यातून आला. ओवेन मॅक्लारेन हा विमानांचा अभियंता. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं पंखांत दुमडून घेणाऱ्या यंत्रणेवर त्याने काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याने पाहिलं की आपल्या मुलीला नातवंडाची अवजड गाडी घेऊन प्रवास करणं जड जातंय. १९६५ साली त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी बग्गी तयार केली. वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. १९६७ पासून ती बाजारात आली. दाया गेल्या होत्या, आता आईच गाडी ढकलणार, आईच ती जिना चढवणार आणि मोटारीच्या डिकीत टाकणार. गाडी तशी झाली.

आणि मग १९८४. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा गाव. तिथल्या वर्तमानपत्रात काम करणारा फिल बेक्लर नावाचा गृहस्थ धावायचा. घरात तान्हा मुलगा आल्यावर धावायला वेळ मिळेना. त्याने साध्या स्ट्रोलरला सायकलची चाकं जोडून बघितली आणि त्या खटपटीतून तीन मोठ्या चाकांची, धावताना ढकलायची गाडी जन्माला आली. ती त्याने गॅरेजमधून विकायला सुरुवात केली. बर्टनची तीन चाकं सव्वाशे वर्षांनी परत आली, कारण ढकलणारा पुन्हा बदलला होता. मराठीतल्या 'बाबागाडी'मधला बाबा म्हणजे बाळ. इथे ती प्रथमच दुसऱ्या अर्थाने बाबांची गाडी झाली!

एवढं वाचून झाल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीन चाकं का चांगली? तीन धोंड्यांची चूल कधी डुगडुगत नाही आणि तिवईही नाही, कारण तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात. खडबडीत वाटेवर तीन चाकीची सगळी चाकं जमिनीला टेकतात, चार चाकीचं एखादं अधांतरी राहू शकतं.

दुसरा मुद्दा चाकाच्या आकाराचा. समजा वाटेत २ सेंमीची उभी कड आली. नुसतं आडवं ढकलून १५ सेंमी व्यासाचं चाक तिच्यावर चढवायला त्या चाकावरच्या भाराच्या ९३ टक्के जोर लागतो. ४० सेंमी व्यासाच्या चाकाला ४८ टक्के पुरतो. जवळजवळ निम्मा! मी ही आकडेवारी विजयी मुद्रेने बायकोला दाखवली.

पण कागदावर दुसरी बाजूही निघाली. मागची चाकं ६० सेंमी अंतरावर आणि गाडीची लांबी ७५ सेंमी धरा. बाळासकट गुरुत्वमध्य मागच्या आसापासून एक तृतीयांश पुढे. चार चाकी गाडी कुशीवर उलटायची तर गुरुत्वमध्याला ३० सेंमी बाजूला सरकावं लागेल. तीन चाकीत मागच्या चाकापासून पुढच्या चाकाकडे जाणारी तिरपी रेषा आड येते आणि हे अंतर साडेअठरा सेंमीवर येतं. म्हणजे वेगात वळण घेताना तीन चाकी लवकर कलंडते. शिवाय पुढचं चाक मोकळं फिरणारं असेल तर ते वेगात सुपरमार्केटच्या ट्रॉलीसारखं थरथरतं. म्हणून धावताना ते कुलूप लावून सरळ ठेवायचं आणि वळायला मूठ दाबून पुढचं चाक उचलायचं. ते एकटं चाक नीट बसवलेलंही हवं. २०१८ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अशाच एका गाडीच्या झटक्यात सुटणाऱ्या पुढच्या चाकावरून उत्पादकाविरुद्ध तक्रार गुदरली होती. चाक निखळून मुलं आणि मोठी माणसं जखमी झाली होती. आणि हो, तान्ह्याला घेऊन धावायचं नाहीच. मान नीट धरेपर्यंत, निदान सहा-आठ महिने तरी, थांबायचं असतं.

म्हणजे ज्या कारणासाठी मला ती गाडी हवी होती, ते कारण पुढच्या वर्षापर्यंत लागूच नव्हतं.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. तीन चाकी समोर होती, देखणी, अकरा किलोची. मी ती ढकलून दाखवली, मग सासूबाईंनी ढकलली. त्यांची उंची पावणेपाच फूट, मूठ त्यांच्या छातीशी आली. मिटवायचा प्रयत्न केला तर दोन हात आणि एक गुडघा लागला. त्या म्हणाल्या, "अहो, गाडी छान आहे. पण तुम्ही दोघं कामात असाल तेव्हा बसमध्ये मी एकटीच असणार ना? बाळ कडेवर असताना ही मिटवायची कशी?"

या प्रश्नावर मला २०१२ सालची एक घटना आठवली. वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये डग पॉली यांना चाकांच्या खुर्चीसह चढायचं होतं. तिथे एका आईची बाबागाडी होती, बाळ झोपलेलं होतं. गाडी मिटत नाही, असं ती म्हणाली. पॉली यांना ती बस सोडावी लागली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला की चालकाने नुसती एकदा विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही. निकालाच्या बातम्या वाचताना मी पॉली यांच्या बाजूने होतो, आजही आहे. पण परक्या देशात, तोडकं इंग्रजी बोलणाऱ्या सासूबाई त्या आईच्या जागी उभ्या असल्या तर? कडेवर रडणारं बाळ, समोर खुर्चीतला प्रवासी, आणि जावयाने हौसेने घेतलेली न मिटणारी गाडी. मला दुकानातच घाम फुटला.

दर वेळी गाडी बदलली ती ढकलणारं माणूस बदललं म्हणून. ड्यूकची बकरी, लंडनची दाई, मॅक्लारेनची मुलगी, बेक्लर स्वतः. आमच्या घरी ढकलणार होत्या बायको आणि सासूबाई, शेफील्डच्या चढउतारांवर आणि बसमध्ये. मी गणित मांडलं होतं ते स्वतःला मुठीशी उभं करून, तेही धावणारा मी, जो अस्तित्वातच नाही.

शेवटी चार चाकी घेतली. पाठ पूर्ण आडवी होणारी, सात किलोची, एका हाताने मिटणारी, मूठ वरखाली होणारी. उतारावर निसटू नये म्हणून मनगटात अडकवायचा पट्टाही घेतला. चाकं लहान, पंधरा सेंमीचीच. ९३ टक्क्यांची माझी शंका मी सासूबाईंना सांगितली, तर त्यांनी मूठ किंचित दाबली, पुढची चाकं अलगद उचलली आणि दाराचा उंबरा ओलांडला. "भाजीवाला हातगाडी अशीच नेतो की," म्हणाल्या. पुढच्या चाकांवर भारच ठेवला नाही तर त्याचे ९३ टक्के शून्यच!

घरी येताना मी जरा गप्प होतो. सासूबाईंच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "हिरमुसू नका. बाळ वर्षाचं झालं की साताऱ्याहून पांगुळगाडा पाठवते. त्याला तीनच चाकं असतात."

खरंच की! आणि इतक्या सगळ्या गाड्यांत ती एकच अशी आहे, जी बाळ स्वतः ढकलतं.

असो. आता धावायचं बघतो. वर्ष आहे हातात.