देवळालीचा ताप आणि विलायती हशा

एखाद्याचे डोके ताळ्यावर राहिले नाही, असे सांगायचे असेल तर इंग्रज माणूस 'तो डूलॅली झाला' असे म्हणतो. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. जुन्या गोऱ्या शिपायांच्या बोलीत तो 'डूलॅली टॅप' असा होता आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला साधा ताप.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला इंग्रजांचा लष्करी तळ उभा राहिला. मुंबई बंदरात उतरलेले सैनिक येथे येत. नोकरीची मुदत संपलेल्यांनाही परतीचे जहाज मिळेपर्यंत येथेच ठेवले जाई. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे प्रामुख्याने हिवाळ्याच्या हंगामात सुटत. ज्याची मुदत नेमकी हंगाम सरल्यावर संपे, त्याला महिनोन्महिने काही काम उरत नसे. ऊन, दारू, हिवताप आणि वाट पाहणे, एवढाच दिनक्रम. त्यात कित्येकांची मने बिघडली आणि एका गावाचे नाव वेडेपणाचा प्रतिशब्द होऊन बसले.

याच देवळालीवर पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीने एक विनोदी मालिका केली. ३ जानेवारी १९७४ रोजी बीबीसीवर 'इट एंट हाफ हॉट मम' सुरू झाली. शीर्षकाचा भावार्थ : 'आई गं, काय हा उकाडा!' काळ १९४५चा. तोफखान्याच्या एका पथकाकडे लढाईचे काम नाही. सैनिकांपुढे नाच-गाणी आणि नकला करून त्यांचे मनोरंजन करायचे, एवढीच त्यांची कामगिरी. मालिका १९८१पर्यंत चालली, तिचे ५६ भाग झाले. पहिल्या काही वर्षांनंतर पथक देवळालीहून ब्रह्मदेशच्या जंगलात गेले. अर्थात देवळाली काय किंवा ब्रह्मदेश काय, सगळे चित्रण इंग्लंडातच झाले.

ही मालिका भारत न पाहिलेल्या कोणा लेखकाने घरबसल्या रचलेली नव्हती. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या लेखकांपैकी पेरी तरुणपणी देवळालीच्याच तळावर तोफखान्याच्या अशा मनोरंजन पथकात होता. क्रॉफ्टनेही लष्करात असताना भारतात दिवस काढले होते. पथकाचा भारतीय 'बेअरर' रंगी राम याची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला तपकिरी रंग फासून केली. हा बेट्स १९२० साली झाशीत जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर गुरखा पलटणीत मेजर होता आणि उर्दू बोलत असे.

रंगी राम हा साहेबांहूनही अधिक साहेब आहे. 'आम्ही ब्रिटिश' ही भाषा त्याच्या तोंडी सहज येते आणि स्वतःच्या देशबांधवांना तो तुच्छतेने हाकारतो. अधूनमधून प्रेक्षकांकडे वळून एखादी 'प्राचीन हिंदू म्हण' ऐकवतो. ती म्हण अर्थातच लेखकांच्या टंकलेखन यंत्रावर जन्मलेली. त्याच्या जोडीला चहा विकणारा मुहम्मद आणि बाहेर बसून पंख्याची दोरी ओढत पुटपुटणारा रमझान. या दोन भूमिका मात्र दिनो शफीक आणि बाबर भट्टी या दक्षिण आशियाई वंशाच्या नटांनी केल्या. म्हणजे तपकिरी नट मिळत होते, पण दोरी ओढण्यासाठी आणि किटली वाहण्यासाठी. मोठी भूमिका आली की रंगाची डबी उघडली जाई.

तेव्हाच्या ब्रिटनमध्ये एवढ्या ताकदीचा भारतीय विनोदी नट उपलब्ध नव्हता, असे समर्थन लेखकांनी पुढे केले. ते मला पटत नाही. झिया मोहिउद्दीन यांनी १९६०मध्ये लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर 'अ पॅसेज टू इंडिया'मधील डॉ. अझीझ साकारला होता आणि १९६२च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त ते झळकले होते. सईद जाफरी लंडनमध्येच काम करीत होते. नट होते; त्यांच्यासाठी कोणी भूमिका लिहिली नव्हती.

बेट्सच्या आधीचे एक उदाहरण तर आपल्या आणखी जवळचे आहे. १९६९मध्ये लंडन वीकेंड टेलिव्हिजनने 'करी अँड चिप्स' ही मालिका आणली. तीत अर्ध्या आयरिश, अर्ध्या पाकिस्तानी कामगाराची भूमिका विख्यात विनोदवीर स्पाइक मिलिगनने केली, तीही तोंडाला रंग फासून. सहा भागांनंतर मालिका बंद पडली. मिलिगनचा जन्म १९१८चा, अहमदनगरचा! वडील लष्करात असल्यामुळे त्याचे बालपण पुण्याच्या छावणीत आणि पुढे रंगूनला गेले.

अज्ञानातून पूर्वग्रह जन्मतो, असे आपण सहसा समजतो. येथे तसे झालेले दिसत नाही. अहमदनगर, पुणे, झाशी आणि देवळाली पाहिलेल्या माणसांनीच हा विनोदी हिंदुस्थानी घडवला. पण त्यांनी पाहिलेला हिंदुस्थान छावणीच्या कुंपणाच्या आतला होता. आत येणारा प्रत्येक भारतीय काही ना काही घेऊन येई : चहा, इस्त्रीचे कपडे, बूट-पॉलिश, सलाम. देवळालीच्या भोवतालचा मुलूख मराठी बोलणारा; लष्कराची भाषा मात्र हिंदुस्थानी, तीही प्रामुख्याने हुकूम देण्यापुरती. नोकराचे हावभाव, त्याची मोडकी इंग्रजी, त्याची अजिजी हे सारे या मंडळींनी अचूक टिपले. तो संध्याकाळी घरी गेल्यावर काय बोलत होता, हे कुंपणाच्या आत कधी ऐकू आलेच नाही. आणि १९४५-४६च्या त्या हिवाळ्यात तो बरेच काही बोलत असणार. दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले होते. फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी उठाव केला, तेव्हा गिरण्यांचे कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरले.

मालिकेच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तिच्यातील कर्नल आणि कॅप्टन हे निव्वळ बावळट आहेत, सार्जंट मेजर विल्यम्स हा साम्राज्याची घटका भरल्याचे न उमगलेला आरडाओरडा करणारा इसम आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी चहावाला मुहम्मद 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे साम्राज्याचे गौरवगीत आळवू लागतो आणि सार्जंट मेजर त्याच्यावर ओरडून त्याला गप्प करतो. या प्रसंगात लेखकांना साम्राज्याचीच चेष्टा करायची आहे, हे उघड आहे. पेरी तर अखेरपर्यंत या मालिकेला आपले सर्वांत विनोदी लेखन मानत राहिला.

तरीही विनोद कोणासमोर केला जातो, यावर त्याचा अर्थ ठरतो. १९४५च्या देवळालीतील तळावर हा विनोद वेगळा ठरला असता. तो दाखवला गेला सत्तरच्या दशकातील ब्रिटनमध्ये. एनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध बर्मिंगहॅममध्ये केलेले कुप्रसिद्ध भाषण १९६८चे. १९७२मध्ये इदी अमीनने हाकललेले हजारो आशियाई युगांडातून ब्रिटनमध्ये आले. नॅशनल फ्रंटसारख्या वंशद्वेष्ट्या पक्षाचे मोर्चे निघत होते. जून १९७६मध्ये लंडनच्या साउथॉल भागात गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाचा वंशद्वेषातून खून झाला. त्या वर्षांत अनेक गोऱ्या घरांमध्ये शिरणारा एकमेव भारतीय म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचा रंगी राम होता. शाळेत त्याच्या आवाजात चिडवून घेणाऱ्या मुलांना कर्नलचा बावळटपणा काय उपयोगी पडणार?

खून झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९७६मध्ये, लंडनच्या विल्स्डन भागात ग्रनविक या छायाचित्रे धुऊन देणाऱ्या कारखान्यात संप सुरू झाला. त्याचे नेतृत्व जयाबेन देसाई या साडी नेसलेल्या, ठेंगण्या गुजराती बाईंकडे होते. बहुतेक संपकरी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आशियाई स्त्रिया होत्या. हजारो गोरे कामगार, त्यांत खाणकामगारही, या बायकांच्या समर्थनार्थ कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. जुलै १९७८मध्ये संप अपयशी ठरून संपला. रंगी राम याच काळात पडद्यावर सलाम ठोकत होता. जयाबेनसारखी एकही बाई त्या काळच्या विनोदी मालिकांत सापडत नाही. अशा बाईची नक्कल करणे बहुधा जड गेले असते.

१९७७मध्ये आलेली 'माइंड युवर लँग्वेज' आपल्याकडे अधिक परिचित आहे. इंग्रजी शिकायला जमलेल्या परदेशी प्रौढांचा तो वर्ग, ज्यात प्रत्येक विद्यार्थी म्हणजे त्याच्या देशाबद्दलचा एकेक चुटका. देवळालीचा चहावाला दिनो शफीक येथे पाकिस्तानी अली नदीम झाला. वाहिनीचे अधिकारी मायकेल ग्रेड यांनी मालिका अशा ठोकळेबाज चित्रणासाठी आक्षेपार्ह ठरवून १९७९मध्ये बंद केली. गंमत अशी की तिचा साचा उचलून नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर पंकज कपूर यांची 'ज़बान सँभाल के' आली. तेथे इंग्रजीच्या जागी हिंदी आली आणि हसण्यासाठी आपण आपल्याच प्रांतांचे उच्चार रांगेत बसवले. त्यावर साहेबाला दोष देता येणार नाही.

बेट्स १९७८मध्ये वारला आणि रंगी रामची भूमिका पुन्हा कोणाला दिली गेली नाही. मुख्य वाहिन्यांवर बीबीसीने मालिकेचे पुनःप्रसारण पुढे टाळले, याची खंत दोन्ही लेखकांना राहिली.

मग १९९८ साली बीबीसीवर 'गुडनेस ग्रेशस मी' हा कार्यक्रम आला. पीटर सेलर्सने १९६०मध्ये भारतीय डॉक्टरची नक्कल करीत सोफिया लॉरेनबरोबर याच नावाचे गाणे गायले होते. त्याच चालीला भांगड्याचा ठेका देऊन कार्यक्रमाचे शीर्षकगीत केले गेले. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया हे चौघे लिहिणारे-नाचणारे-नकलाकार, आणि चौघेही रंगाच्या डबीशिवाय. त्यांचे गाजलेले प्रहसन मुंबईतल्या एका इंग्रजी खानावळीत घडते. शुक्रवारच्या रात्री लस्सी पिऊन आलेली भारतीय टोळी मोठ्या आवाजात सर्वांत मिळमिळीत पदार्थ कोणता, अशी पृच्छा करते आणि वाढायला आलेल्या गोऱ्या पोराचे 'जेम्स' हे नाव त्यांच्यापैकी कोणालाही नीट उच्चारता येत नाही.