मुळशीचे पाणी, वेळासची कासवे : पर्यटनाचा पैसा कुठे थांबतो?

१/ पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की पिरंगुटपुढे घोटावडे फाटा लागतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी येथून मुळशी धरण आणि ताम्हिणी घाटाकडे मोटारींची रीघ लागते. रिसॉर्ट, फार्महाउस, कॅम्पिंग यांच्या पाट्या दुतर्फा दिसतात. पर्यटन कंपन्यांनी स्थानिकांना आणि निसर्गाला हातभार लावावा, असे आज सर्वत्र म्हटले जाते. तो हातभार नेमका कसा असावा, हे समजून घेण्यासाठी मुळशीचाच शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास पाहावा लागतो.

२/ मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले. वीज हवी होती मुंबईला, बुडणार होती मुळशी पेट्यातली भातखाचरे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या लढ्यातले प्रमुख नेते. बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यामुळे.

३/ लढा हरला. त्यामागे सरकारी बळ होते, तसेच एक कमी चर्चिले जाणारे कारणही होते. पेट्यातली बरीच जमीन कागदोपत्री सावकारांच्या नावावर होती. त्यांना नुकसानभरपाई पुरेशी वाटली. जमीन कसणाऱ्या कुळाच्या हाती मात्र हक्काचा कागदच नव्हता. धरण झाले. पाणी घाटाखाली भिरा येथील वीजकेंद्राकडे वळले आणि वीज मुंबईला गेली. ज्यांनी गाव गमावले, त्यांच्या वाट्याला त्या संपत्तीतले फारसे काही आले नाही.

४/ मुळशीचा धडा असा की, एखाद्या प्रदेशात किती पैसा येतो यापेक्षा तो कोणाच्या नावावर जमा होतो, हे अधिक महत्त्वाचे. त्याच धरणाचा जलाशय आज ‘लेक व्ह्यू’ म्हणून विकला जातो. जमीन एकदाच विकता येते. ती विकली गेली, की मूळ मालकाच्या मुलाला त्याच जागेच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मिळते आणि नफा शहरात जातो.

५/ शेजारच्या मोसे खोऱ्यातील लवासा प्रकल्प हे याचे ठळक उदाहरण. वरसगाव जलाशयाच्या काठी संपूर्ण गिरिस्थान-नगर उभे राहणार होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी अडचणीत येऊ शकते, पण एकदा कापलेला डोंगर पूर्ववत होत नाही.

६/ याउलट चित्र रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे दिसते. इतिहासप्रेमींना हे गाव नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ठाऊक असेल. येथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन घरट्यांचे रक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरांत राहतात, त्यांच्याच स्वयंपाकघरातले जेवण घेतात. त्यामुळे जिवंत कासव हे गावाच्या उत्पन्नाचे साधन बनले.

७/ साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आले. गर्दी वाढली, फुले पायदळी तुडवली जाऊ लागली. तेव्हा प्रवेशशुल्क आणि दररोजच्या पर्यटकांची मर्यादा असे दोन्ही उपाय योजण्यात आले. आसपासच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्या हे काम पाहतात. फाटकावर उभा असलेला माणूस येथेही स्थानिकच आहे. फरक इतकाच, की फाटकही त्याच्याच गावाचे आहे.

८/ पर्यटन कंपन्यांना यातून चार गोष्टी शिकता येतील.
• मुक्काम आणि जेवण गावातल्या घरांत ठेवावे, आणि दर गावाने ठरवावा.
• पर्यटकांची मर्यादा पाळावी. जादा बसगाडी आणून ती मोडू नये.
• निसर्गाची हमी देऊ नये. ‘पिल्ले नक्की दिसतील’ असे सांगून सहल विकली, की त्यांना गर्दीच्या वेळेपर्यंत अडवून ठेवण्याचा दबाव गावावर येतो.
• पाहुणे आले नाहीत तरी आगाऊ रक्कम गावाकडेच राहावी. हंगाम दोन-तीन महिन्यांचा असतो, घरखर्च बारा महिन्यांचा.

९/ झाडे लावणे, शाळेला वह्या देणे हेही चांगलेच आहे. परंतु ती देणगी झाली, हक्क नव्हे. देणगी देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते, हक्क कागदावर लिहिलेला असतो. १९२१ मध्ये मुळशीच्या कुळांकडे नेमका तोच कागद नव्हता.

१०/ म्हणून पुढच्या पावसाळ्यात घोटावडे फाट्यावरून ताम्हिणीकडे वळताना सहल नेणाऱ्या कंपनीला एकच प्रश्न विचारावा : आमच्या पैशातले किती रुपये या तालुक्यात राहतात, आणि ते कोणाच्या नावावर? ज्या कंपनीकडे याचे स्पष्ट उत्तर असेल, तिच्यासोबत अवश्य जावे.