काचेवरचा अंगठा

संगणकीय खेळांचा इतिहास बहुधा डोळ्यांच्या अंगाने सांगितला जातो: पडद्यावर ठिपके किती, रंग किती, प्रतिमा कितपत खरी. हाताच्या अंगाने तो क्वचितच सांगितला जातो. कौशल्यासाठी 'हातोटी' आणि 'हातखंडा' असे शब्द वापरणाऱ्या मराठी वाचकाला हा दुसरा इतिहास परका वाटू नये. मोबाइल फोनला दोन्ही टोकांना धरून बसणारा जो कंट्रोलर आज मिळतो, त्याला पुष्कळ जण नवे फॅड म्हणतात. आम्हांला मात्र त्यात एक जुनी तक्रार ऐकू येते.

ही तक्रार निदान १९६२ इतकी जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा दोघांचा खेळ रचला. तो यंत्राच्याच दर्शनी फळीवरील खटक्यांनी खेळावा लागे. कोपरे दुखत, पडदा एका बाजूला असल्याने एका खेळाडूला तो अधिक बरा दिसे, आणि भलताच खटका दाबला जाण्याची धास्ती असे ती वेगळीच. तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी विद्यार्थ्यांच्या रेल्वे-मॉडेल क्लबातले सुटे भाग जमवून हातात धरायच्या दोन पेट्या केल्या. क्षेपणास्त्र सोडण्याचे बटन त्यांनी मुद्दाम आवाज न करणारे ठेवले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चाहूल लागू नये! यंत्र खोलीएवढे आणि खेळ तळहाताएवढ्या पेटीत, ही फारकत तेव्हापासूनची.

पुढची मोठी पायरी जपानात पडली. निन्टेन्डोचे गुन्पेई योकोई यांना आगगाडीत कंटाळून कॅल्क्युलेटरशी चाळा करणारा एक नोकरदार दिसला आणि त्यातून १९८० चे 'गेम अँड वॉच' हे खिशातले खेळणे सुचले, असे सांगितले जाते. १९८२ मध्ये या मालिकेतील 'डाँकी काँग' घडी घालून मिटणारे करायचे ठरले. घडीत उभी दांडी मावणार कशी? म्हणून योकोईंनी अधिक-चिन्हाच्या आकाराची चपटी कळ बसवली. तिची एक बाजू दाबली की दुसरी वर येते. आपण कुठे आहोत हे अंगठ्याला न पाहता कळते. साधनाच्या अडचणीतून रूप जन्मते, हे छंदशास्त्र शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

फोनवर खेळ आला तोही कळांवरच. नोकियाच्या १९९७ च्या ६११० मधील 'स्नेक' आकड्यांच्या कळांनी चाले. २००३ च्या एन-गेजची फसगत सर्वश्रुत आहे. खरा तुटवडा पडला तो २००७ च्या आयफोननंतर. काच गुळगुळीत, तिला कड नाही, उंचवटा नाही. पेटीवादक पट्ट्यांकडे न पाहता वाजवू शकतो, कारण काळ्या पट्ट्या बोटांना उंच लागतात. त्या साऱ्या एका पातळीत घासून टाकल्या तर काय होईल, तेच येथे झाले. शिवाय ज्या पडद्यावर पाहायचे त्यावरच अंगठे ठेवायचे, म्हणजे दृश्याचा तेवढा भाग झाकला जाणार.

अर्थात काचेवरही हात वळतो. २०१८ नंतर पबजी मोबाइल खेळणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी चार बोटे आकड्यांसारखी वाकवून खेळण्याची धाटणी आत्मसात केली; भारतात सप्टेंबर २०२० मध्ये त्या खेळावर बंदी आली. यांतील अनेकांनी कधी बटनांचा कंट्रोलर हाती धरला नव्हता. त्यांच्या हातोटीला उणी म्हणणे आम्हांला मान्य नाही.

पण दूरस्थ खेळात ही हातोटी अपुरी पडते. येथे खेळ फोनमध्ये नसतोच. तो घरच्या कन्सोलवर चालतो, त्याचे चित्र नेटवर्कवरून फोनवर येते आणि बटनाची आज्ञा उलट वाटेने जाते. तो खेळ रचलेला असतो दोन दांड्या आणि डझनभर बटनांसाठी. सोनीने २००६ मध्ये पीएसपीवर ही सोय मोजक्या खेळांपुरती दिली. २०१९ मध्ये ती आयफोनवर आली. सेकंदाला साठ चित्रे धरली तर एकाच्या वाट्याला सेकंदाचे सुमारे सतरा सहस्रांश येतात, आणि ये-जा याहून लांबते. म्हणून २०२० चे रेझर किशी वा बॅकबोन वन हे कंट्रोलर बिनतारी न ठेवता थेट फोनच्या जोडणीत बसवले गेले. मोठ्या कंट्रोलरवर चिमट्याने फोन बसवण्याची आधीची रीत स्वस्त खरी, पण वजन वरच्या अंगाला जाऊन मनगट भरून येते.

या फारकतीचे टोक म्हणजे गूगलचे स्टेडिया. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत घरी कन्सोलही नव्हता. तिचा कंट्रोलर वाय-फायवरून थेट गूगलच्या यंत्रांशी बोले, फोन उरला केवळ चित्रापुरता. १८ जानेवारी २०२३ रोजी सेवा बंद झाली. विकत घेतलेल्या खेळांचे पैसे परत मिळाले, खेळ गेले. कंट्रोलर मात्र लोकांकडेच राहिले, आणि त्यांतले आजवर कुलूपबंद असलेले ब्लूटूथ खुले करण्याची सोय गूगलने त्याच आठवड्यात करून दिली.