अलिसो कॅन्यनची वायुगळती

लॉस एंजेलिस शहराच्या वायव्येला, सांता सुसाना डोंगररांगेत अलिसो कॅन्यन हे जुने तेलक्षेत्र आहे. १९३८ मध्ये तेथे तेल सापडले. साठा सरत आल्यावर, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याच सच्छिद्र खडकांत नैसर्गिक वायू साठवला जाऊ लागला. मागणी कमी असताना वायू दाबाने जमिनीखाली भरायचा आणि थंडीत घरोघरचे हीटर पेटले की वर काढायचा, अशी ही पद्धत. त्यासाठी तेलाच्या अनेक जुन्या विहिरीच कामाला लावण्यात आल्या. पुढच्या संकटाचे मूळ या काटकसरीत होते.

१९५३ मध्ये खोदलेली एसएस-२५ ही त्यांतलीच एक. तिच्यातला वायू आतल्या नळीतून आणि नळीभोवतीच्या पोकळीतूनही खेळवला जाई. त्यामुळे वायू आणि भोवतालची जमीन यांच्यामध्ये पोलादी आवरणाचा एकच थर उरला होता. जमिनीखालची सुरक्षा-झडप १९७९ मध्ये काढली गेली आणि पुन्हा बसवली गेली नाही. ती बसवण्याची कायद्याने सक्तीही नव्हती. भूजलाच्या संपर्काने ते आवरण बाहेरून गंजत गेले.

२३ ऑक्टोबर २०१५ रोजी गळती लक्षात आली. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक म्हणजे मिथेन. त्याला रंग नाही, वासही नाही. पण घरगुती वायूत मिसळलेल्या गंधद्रव्याचा उग्र वास पायथ्याच्या पोर्टर रँच वस्तीत पसरला. लोकांना डोकेदुखी, मळमळ होऊ लागली, नाकातून रक्त येऊ लागले. ८,००० हून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. जड चिखल ओतून विहीर दाबण्याचे प्रयत्न एकामागून एक फसले. अखेर शेजारून दुसरी विहीर खोदून ११ फेब्रुवारी २०१६ रोजी वायू अडवण्यात आला.

या काळात सुमारे ९७,००० टन मिथेन वातावरणात गेला. गळती भरात असताना ताशी ६० टनांपर्यंत वायू सुटत होता. विमानातून झालेल्या मोजणीमुळे हे आकडे हाती आले. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षेच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता कोंडतो. वायू जाळल्यास कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून तो स्वच्छ इंधन ठरला. न जळता सुटलेला वायू हा लाभ खाऊन टाकतो.

२०१९ मध्ये तज्ज्ञांचा तपास-अहवाल आला, तेव्हा याच क्षेत्रातल्या विहिरींच्या आवरणांतून पूर्वी साठाहून अधिक वेळा गळती झाल्याचे उघड झाले. एवढ्या इशाऱ्यांनंतरही मुळाशी जाऊन चौकशी न होणे अक्षम्य होते. अशा विहिरींना एकाच थरावर विसंबू न देणारे नियम कॅलिफोर्नियाने या घटनेनंतरच केले.

तरीही ही गळती म्हणजे सारा प्रश्न नव्हे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेच्या तेल-वायू व्यवस्थेतून वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख टन मिथेन निसटत होता. अलिसो कॅन्यनमधून जवळपास चार महिन्यांत जेवढा मिथेन गेला, तेवढा देशभरातल्या विहिरी, वाहिन्या आणि कॉम्प्रेसर यांतून तीन दिवसांच्या आत निघून जात होता.