ओल्ड नंबर वन: मूळ गाडी म्हणजे नेमकी कोणती?

विषय जुन्या मोटारीचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा मास्तर, हे थोडं विचित्र वाटेल. पण जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली की पहिल्याच दिवशी एक प्रश्न समोर येतो आणि तो प्रश्न मोटारीचा नाही, आमच्या खात्यातला आहे. गॅरेजवाला म्हणतो, मूळ रंग शोधू, मूळ इंजिन शोधू. विकणारा म्हणतो, मूळ गाडी आहे साहेब. हा "मूळ" शब्द आपण किती सहज वापरतो! १९९० साली लंडनच्या हायकोर्टात एका न्यायाधीशाला त्याचा अर्थ लावावा लागला आणि त्यावर एक कोटी पौंडांचा व्यवहार अडकला होता. आज मुख्यतः त्या गाडीबद्दल बोलणार आहे.

गाडी बेंटले कंपनीची. मॉडेल स्पीड सिक्स, साडेसहा लिटरचं इंजिन. या मॉडेलच्या गाड्या १९२८ ते १९३० या काळात सगळ्या मिळून १८२ बनल्या. त्यातली ही एक कंपनीनं शर्यतीसाठी बांधली. तिचा नंबर एमटी ३४६४. एमटी म्हणजे मिडलसेक्स परगण्याची नोंद. १९२९ साली फ्रान्समधल्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिनं जिंकली. चालवणारे वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक बेंटलेनंच घेतले. १९३० साली पुन्हा तीच गाडी पहिली आली, या वेळी बार्नाटोबरोबर ग्लेन किडस्टन. बार्नाटो हा नुसता ड्रायव्हर नव्हता, कंपनीचा अध्यक्षही होता. वडिलांनी दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांत मिळवलेला पैसा त्यानं बेंटलेत ओतला. तो पुरला नाही. १९३१ मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसनं विकत घेतली.

गाडी मात्र धावत राहिली. सलग चार हंगाम ती पहिल्या प्रतीच्या शर्यतींत होती. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. शर्यतीची गाडी म्हणजे काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. प्रत्येक हंगामाआधी ती उघडायची, झिजलं ते बदलायचं, अधिक मजबूत काही मिळालं तर ते बसवायचं. १९३२ सालापर्यंत तिची चॅसी बदललेली होती आणि आत आठ लिटरचं इंजिन आलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती वळणावरच्या उंच उताराच्या काठावरून बाहेर फेकली गेली आणि क्लाइव्ह डनफी हा तिचा तरुण चालक जागीच गेला. मोडलेली गाडी पुन्हा बांधली गेली, ती रस्त्यावर वापरण्यासाठी.

आता १९९० च्या एप्रिलमध्ये या. त्या वेळच्या मालकानं ही गाडी "ओल्ड नंबर वन" या नावानं एका कंपनीला विकायचा करार केला. किंमत एक कोटी पौंड. नंतर घेणारी कंपनी म्हणाली, ही ती गाडीच नाही, १९२९ च्या गाडीतलं हिच्यात उरलंय काय? मालक कोर्टात गेला.

मग सुरू झाला तो शोध. असा शोध कसा घेतात, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे.

पहिला पुरावा धातूवर ठोकलेल्या आकड्यांचा. चॅसीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, आणि बेंटलेसारख्या कारखान्यात इतरही सुट्या भागांवरचे आकडे. ते एकमेकांशी जुळले तर भाग एकत्र जन्मले असं मानायचं. मात्र आकडा ठोकायला छिन्नी-हातोडा पुरतो, तेव्हा जुळतात म्हणून लगेच माना डोलवायच्या नाहीत. ठशाची धाटणी, खोली, आजूबाजूला घासल्याच्या खुणा, सगळं पाहावं लागतं.

दुसरा पुरावा कागदाचा. इंग्लंडमध्ये गाडीबरोबर नोंदपुस्तिका फिरायची, तीत एकामागून एक मालकांची नावं चढत. त्यांचा नंबर साधारणपणे गाडीला जन्मभर चिकटून राहतो, हा मोठाच आधार. परगण्यांच्या कचेऱ्यांत नोंदवह्या होत्या. सत्तरच्या दशकात सगळं स्वान्सीच्या संगणकावर गेलं आणि त्यातल्या कितीतरी वह्या रद्दीत गेल्या. ज्या वाचल्या त्या अभिलेखागारांमुळे आणि हौशी लोकांमुळे. बेंटले मालकांचा क्लब १९३६ पासून आहे. रोल्स-रॉइसच्या चॅसीगणिक केलेली जुनी कार्डं तिथल्या हौशी मंडळींच्या क्लबानं जपलीत.

तिसरा पुरावा थरांचा, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक. बेंटले त्या काळात ग्राहकाला चॅसी आणि इंजिन विकत असे. वरचं शरीर, म्हणजे बॉडी, ग्राहक वेगळ्या कारागिराकडून करून घ्यायचा. हे कारागीर दरवाजाच्या आतल्या फळीवर, सीटच्या पाठीमागे खडूनं किंवा पेन्सिलीनं कामाचा नंबर टाकत. तो नव्वद वर्षांनी कापड उसवल्यावर सापडतो. रंगाचंही तसंच. कुलपाच्या पट्टीखाली, डॅशबोर्डच्या मागे, जिथे पॉलिशवाल्याचा हात पोचला नाही तिथे जुना रंग असतो. बारीक पॉलिशपेपरनं रुपयाएवढी जागा हळूहळू घासली की एकाखाली एक कडी दिसते, तोडलेल्या झाडाच्या खोडासारखी. गंमत अशी की हा पुरावा वाचायचा आणि नष्ट करायचा माणूस एकच. गाडी पत्र्यापर्यंत खरवडली की ते पुस्तक संपलं. म्हणून खरवडण्याआधी फोटो, मापं, नोंदी. जो हे करत नाही त्याच्या हातात मी तरी जुनी गाडी देणार नाही.

कोर्टात दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी एकेक भाग तपासला. न्यायाधीश ऑटन यांचा निष्कर्ष खरेदीदाराला आवडावा असाच होता. १९२९ च्या गाडीतलं, तारीख न ठरवता येणारं किरकोळ सामान सोडलं, तर काहीही शिल्लक नाही. १९३० च्या गाडीतलं उरलंय ते एवढंच: पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा खांब. चॅसी, स्प्रिंगा, पुढचा आस, आठ लिटरचं इंजिन, काही मीटर हे सगळं १९३२ च्या, अपघात झालेल्या गाडीचं.

आणि तरीही निकाल मालकाच्या बाजूनं लागला.

न्यायाधीशांचं म्हणणं असं. शुद्ध अर्थानं "मूळ" गाडी आता अस्तित्वात नाही. पण ही नक्कलही नाही. नवे भाग इतक्या हळूहळू, इतक्या काळात मिसळत गेले की कुठल्याच टप्प्यावर गाडीनं आपली ओळख गमावली नाही. दोनदा ल मान्स जिंकणं हा त्या ओळखीचाच भाग. या नावावर हक्क सांगणारी दुसरी बेंटले नाही. आणि विक्रीला होता तो नुसता धातू नव्हता, इतिहास आणि लौकिकही होता.

माझे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातले मित्र इथे लगेच प्लुटार्कनं सांगितलेलं थिसियसचं जहाज आणतात. एकेक फळी बदलली, जहाज तेच का? आपण घरचं उदाहरण घेऊ. "मिलिंदपञ्ह" या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन विचारतो, महाराज रथातून आलात ना? मग दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे? चाकं म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. रथ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. हा दाखला सगळ्यांना पाठ असतो. पण माझं मत असं की ऑटनसाहेबांचा निकाल रथाचा नाहीच. त्याच ग्रंथात पुढे दिव्याचा दाखला येतो. रात्रभर दिवा जळला, तर पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीही नाही आणि दुसरीही नाही. एकीच्या आधारानं दुसरी. रथाचा दाखला एका क्षणातल्या भागांबद्दल आहे, दिव्याचा दाखला काळाबद्दल. निकाल दिव्यावर उभा आहे. मधे ज्योत विझली असती, गाडी वीस वर्षं सुटी करून निरनिराळ्या गोदामांत पडली असती आणि मग कुणी नावासाठी जोडली असती, तर तेच तीन भाग असूनही तोच निकाल लागला असता असं मला वाटत नाही.

याची उलट बाजूही बघा. कितीतरी जुन्या बेंटले कुणा डॉक्टर-वकिलाच्या बंद, चार दारांच्या कौटुंबिक गाड्या होत्या. पुढे त्यांचं शरीर काढून टाकलं आणि ल मान्सछाप उघडी बॉडी चढवली, कारण तिला भाव येतो. चॅसीचा क्रमांक खरा, इंजिन खरं, धातू भरपूर मूळ. पण जो इतिहास ती गाडी मिरवते तो तिला कधी घडलाच नाही. ओल्ड नंबर वनमध्ये धातू जवळजवळ नाही आणि इतिहास आहे. यातली कुठली अस्सल, हे तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे हा धागा पकडणं आणखी अवघड. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली की नंबर बदलतो, त्यामुळे नंबरपाटीवरून मागे जाता येत नाही. चॅसी क्रमांक आणि जुनी आरसी पुस्तकं हाच आधार. संस्थानांच्या स्वतःच्या पाट्या तर विलीनीकरणाबरोबरच गेल्या. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला आजही बाहेर पडते. तिच्या बाबतीत असा शोध घ्यावा लागत नाही, कारण ती घराण्याबाहेर गेलीच नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी, नव्या नोंदणीला व्हीए मालिकेचा नंबर, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे फार चांगलं केलं. पण व्याख्येत एक अट आहे: गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. ही अट अक्षरशः लावली, तर दोनदा ल मान्स जिंकलेली ओल्ड नंबर वन आपल्या आरटीओत व्हिंटेज ठरणार नाही. आणि "मूळ" म्हणजे कुठल्या सालचं, हे नियम सांगत नाही. तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरनं ते कशावरून ठरवायचं? रंगाच्या थरांवरून, आरसी पुस्तकावरून, की मालकाच्या शब्दावरून?

श्रोत्यांत कुणी आरटीओमधले असतील तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा. किंवा उत्तर द्यावं.