बरं आहे

परवा आत्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन गेले होते. हॉस्पिटलचं नाव राहू दे. सकाळी आठला बोलावून दुपारी एकला आत घेतलं, आणि थेंब कधी घालायचे ते मलाच दोनदा जाऊन विचारावं लागलं. निघताना एका मुलीने हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा कागद पुढे केला. आत्याने सरळ सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली! मी बघतच राहिले. तर म्हणते, "अगं, त्या पोरीची नोकरी कशाला घालवायची?"

आमच्या कडावकडे कुणालाही "कसं काय?" विचारा, उत्तर एकच. "बरं आहे." अंगात ताप असला तरी! मग रुग्ण खरंच समाधानी आहे का, हे कळायचं कसं?

१९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ही केंद्रं त्यांच्याकडे गेली. आदिवासी, डोंगराळ भागात २० हजार लोकांमागे एक केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र, असं प्रमाण ठरलं. इमारती किती, खाटा किती, लसी किती टोचल्या, हे सगळं वर कळवलं जाई. वाडीवरच्या ठाकरणीला किंवा कातकरणीला काय वाटलं, याला रकाना नव्हता.

आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या मांडव्याला, प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशिर अंटिया यांनी १९७० च्या दशकात गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांनी काम उत्तम केलं. पण स्थानिक पुढाऱ्यांना ते रुचलं नाही आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. बायका शहाण्या झाल्या की कुणाला तरी पोटदुखी होतेच. असो.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्यात २००७ पासून महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' संस्था यात पुढे होती. नंतरच्या टप्प्यात रायगडही आला आणि कर्जतच्या दिशा केंद्राने इथे काम केलं. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे प्रश्न विचारायची रीत. "समाधानी आहात का?" असं कुणी विचारत नव्हतं. नर्सताई गावात येते का? औषध केंद्रातच मिळालं की चिठ्ठी दिली? पैसे मागितले का? गावाने बसून उत्तरं द्यायची आणि त्यावरून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. पुढे जनसुनवाई, तिथे अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. राज्यात काही ठिकाणी रुग्णांकडून घेतलेले पैसे परत करावे लागले. एकटी बाई "बरं आहे" म्हणेल, पण शेजारीण बाजूला बसली असेल तर ती म्हणतेच, "काय बरं? तुझ्याकडून शंभर घेतले की!"

केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' सुरू केलं. दवाखान्यात नोंद झालेल्या रुग्णाला मेसेज किंवा फोन करून विचारतात. चांगलंच आहे. पण जो दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही, त्याला कोण विचारणार? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला निघालेल्यांना डोंगर पायी चढावा लागला, कारण गाडीरस्ता नव्हताच. तिथली माणसं आजाऱ्याला त्याच वाटेने खाली आणत होती, वर्षानुवर्षं.

आत्याचा डोळा छान आहे. पुढच्या महिन्यात दुसरा. या वेळी तो कागद मी भरते म्हटलं, तर म्हणाली, "तू नको बाई, तू खरं लिहिशील."